आणखी थोडा भात

“वहिनी, मिठाच्या डबीकडे असं एकटक बघू नका. तिला मराठी येत नाही,” सामंत म्हणाले आणि अख्खं टेबल हसलं.

मीठ माझ्या हातापासून लांब होतं. मी नुसतं बोट दाखवलं, तर आमच्या ह्यांनी डबी उचलून माझ्या ताटाशी ठेवली. कधीपासूनची सवय. मला मीठ हवंय की पाणी, हे त्यांना माझ्या बोटाच्या वळणावरून कळायचं.

आम्ही हालाँगच्या समुद्रात बोटीवर जेवत होतो. बाहेर पाण्यातून सरळ वर आलेले हिरवेकाळे डोंगर, एकामागे एक. आत लांब टेबलावर आमची सगळी मराठी मंडळी आणि बोटीवरच्या आचाऱ्याने आमच्यासाठी म्हणून केलेलं पिवळं वरण, कोबीची भाजी, भात. समोरच्या बाकावर वेंगुर्ल्याचे सामंत आणि त्यांच्या नलिनीताई. हनोईच्या विमानात ओळख झाली आणि तेव्हापासून सामंतांनी आम्हाला सोडलं नव्हतं.

“भाग्यवान हो हुपरीकर,” ते ह्यांना म्हणाले, “बायको जेवताना चकार शब्द काढत नाही! आमच्याकडे जेवताना अधिवेशन भरतं.”

“भरतं, पण बोलतं कोण?” नलिनीताई म्हणाल्या. “सभापती हेच, आणि विरोधी पक्षही हेच. मी आपली ताटं उचलणारी.”

“भाग्य कसलं,” हे म्हणाले. “माझा बोलायचा कोटाच तेवढा. एरवी घरात मला तोंड उघडायची सोय आहे का?”

मी डोळे मोठे केले. सगळे पुन्हा हसले.

माझं मौन म्हणजे नेम होता. मुक्ता, आमची एकुलती एक लेक, चार वर्षांची असताना ताप तिच्या डोक्यात गेला होता. सांगलीच्या डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा मी नृसिंहवाडीला महाराजांच्या पादुकांसमोर बसले आणि बोलून गेले, की लेकराला उठव, मी जन्मभर दोन्ही वेळचं अन्न मौनाने घेईन. मुक्ता उठली. तेव्हापासून पहिल्या घासापासून चूळ भरेपर्यंत मी बोलले नाही. मध्ये शब्द गेला तर पान सोडून उठायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या उजेडापर्यंत निराहार राहायचं, असा नेम. तशी वेळ कधी आली नाही.

ह्यांना मात्र माझं मौन पथ्यावर पडलं. हे वीज मंडळात होते. स्वभावाने मुखदुर्बळ. मी मृदू बोलणारी असले, तरी अशुभ, वेडंवाकडं काही त्यांच्या तोंडून निघालं की लगेच अडवायची. मग त्यांनी युक्ती काढली. मला न आवडणारं जे काही असेल ते माझ्या जेवणात सांगायचं. “देवाने तुझं तोंड धरलंय, तोवर सांगून टाकतो,” असं म्हणून सुरुवात. बदली झाली ते मला वरणभातावर कळलं. मंडळाच्या विश्रामगृहावर अंड्याचं ऑम्लेट खाल्लं ते एकादशीच्या साबुदाण्यावर. मी चूळ भरून येईपर्यंत माझा निम्मा राग घासाबरोबर खाली उतरलेला असायचा. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी बोटीवर ते म्हणाले, “बरं का, आपली बोअरची मोटर. हिरवं बटण दाबलं की लगेच सोडायचं नाही. आधी नुसता हुंकार देते. मग आवाज बदलतो. बदलला की सोडायचं. तू घाई करतेस.”

मी कपाळाला आठी घातली. इथे, समुद्रात, मोटर?

“अहो हुपरीकर,” सामंत म्हणाले, “बायकोला एवढ्या लांब आणलंत, समोर हा देखावा, आणि बोलताय काय तर बोअरची मोटर! काहीतरी गोड बोला की.”

“गोडच आहे ते,” हे म्हणाले. “आमच्या बोअरचं पाणी गोड आहे.”

जेवण झालं आणि बोट एका बेटाला लागली. वर डोंगरात मोठी गुहा होती. आमच्या टूर मॅनेजर पल्लवी निशाण उंचावून पुढे निघाल्या, त्यांच्यामागे सगळे पायऱ्या चढू लागले. आम्ही दोघं खाली सावलीत बसलो. टूरवर आम्ही सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की आमचे गुडघे दुखतात. खोटं बोलणं माझ्या जिवावर आलं होतं. पण गुडघे माझे दुखत होतेच, तेवढ्यावर मनाची समजूत घातली.

खरं होतं ते ह्यांच्या छातीत. हृदयाची एक झडप दगडासारखी झाली होती. चार पावलं चढलं की दम लागायचा, एकदा तर अंगणात डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसले होते. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी झडप बदलायची म्हणून सांगितलं. उशीर केलात तर हा माणूस उभ्याउभ्या जाईल, हेही मला बाजूला घेऊन सांगितलं. हे महिनाभर नाही नाही म्हणत राहिले. मग एके दिवशी म्हणाले, “आधी व्हिएतनाम दाखव. मग जिथे म्हणशील तिथे झोपतो.”

व्हिएतनामच का, ते मला माहीत होतं. ह्यांच्या लहानपणी घरात नवा रेडिओ आला होता आणि तिकडे लढाई चालू होती. मामंजी रोज संध्याकाळी बातम्या लावायचे. हनोई, ह्यू, दा नांग. “कुरुंदवाडच्या बाहेरची मी ऐकलेली पहिली गावं,” हे म्हणायचे. “रोज माणसं मरायची तिथे. पण नावं काय गोड!”

डॉक्टर नाराजीनेच हो म्हणाले. चढायचं नाही, धावायचं नाही, या अटीवर. परत आल्यावरचा सोमवार ठरला. मुक्ता नाशिकहून रजा घेऊन येणार होती. मी रोज पहाटे हॉटेलच्या खोलीत डबीतला दत्ताचा टाक काढून टेबलावर ठेवायची. खोलीत दिवा लावायला बंदी, म्हणून मनातच निरांजन ओवाळायची, आणि एकच मागायची. सोमवार नीट जाऊ दे.

“सोमवारी फार वेळ लागेल का हो त्याला?” बेटावरच्या सावलीत मी विचारलं.

“कशाला?”

“कशाला म्हणजे? ऑपरेशनला.”

“ते बघ,” हे म्हणाले, “सामंत कसे चढतायत. अर्ध्यातून परत येतात बघ.”

सामंत खरंच अर्ध्यातून परत आले आणि आमच्याशेजारी धापा टाकत बसले. मग तो विषय राहिला.

होई आनला आम्ही दुपार कलताना पोचलो. जुनी पिवळी घरं, दारोदार टांगलेले रंगीत कागदी कंदील, आणि मधून नदी. पल्लवींनी सगळ्यांना लवकर जेवायला बसवलं, म्हणजे मग नदीवर मोकळेपणी हिंडता येईल. मीही सूर्यास्ताच्या आत जेवणारी, म्हणून मला ते बरं वाटलं.

“इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी,” मी पहिला घास घेतल्याबरोबर ह्यांनी सुरू केलं. “साधं नाही घालायचं. बाटली जिन्याखाली आहे. आणि मागच्या गटाराची जाळी श्रावण लागायच्या आत काढून धुवायची. नामदेवला बोलव. तो येतो म्हणतो आणि येत नाही, पण चहा ठेवलाय म्हणून निरोप दिला की येतो.”

मी मान डोलावली. नलिनीताई नवऱ्याला कोपराने ढोसून म्हणाल्या, “बघा, शिका काहीतरी. केवढं गूळपीठ आहे दोघांचं! बायकोशी किती बोलतात.”

“ती उत्तर देत नाही म्हणून बोलतात,” सामंत म्हणाले. “तू महिनाभर गप्प राहा, मी गाणी म्हणेन.”

हे पापड मोडत होते. अगदी बारीक तुकडे करत होते. खाली बघूनच म्हणाले, “आणि तो माझा काळा कोट. फारसा वापरलेला नाही. जावयांना होईल. खांदे सारखे आहेत आमचे.”

माझा घास हातातच राहिला. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी वर बघितलं नाही. पापडाचा चुरा बोटाने गोळा करून भातावर घातला आणि जेवू लागले.

चूळ भरून मी त्यांच्यामागोमाग नदीवर गेले. काठावर म्हाताऱ्या बायका कागदी दिवे विकत होत्या. पेटता दिवा पाण्यात सोडायचा आणि मनात काही मागायचं. मला ते आपल्या कृष्णामाईसारखंच वाटलं. वाडीच्या घाटावरून मी कितीदा द्रोण सोडलेत. मी दोन दिवे घेतले. माझा सोडला. ह्यांनी त्यांचा वाकून सोडला आणि सरळ होताना माझा खांदा धरला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

“काय मागितलंत?” मी विचारलं.

“मोटर नीट चालू दे.”

“चेष्टा पुरे. कोट कशाला द्यायचाय जावयांना?”

“नाशिकला थंडी असते.”

“असं अभद्र बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणत असते.”

“म्हणून तर एरवी बोलत नाही,” हे म्हणाले. “तू जेवत असलीस की बोलतो. तेव्हा वास्तूचंही लक्ष तुझ्या ताटात असतं.”

मला हसू आलं. पाण्यावर दिवेच दिवे झाले होते. आमचे कोणते, ते काही कळेना.

दुसऱ्या दिवशी दा नांग.

समुद्रासमोरच एक भारतीय खाणावळ होती. वरच्या मजल्यावर जेवणं, मोठ्या काचा, काचांपलीकडे रस्ता, नारळाची झाडं आणि लांबच्या लांब पांढरी वाळू. जेवण झालं की बसमध्ये बसायचं, कुठलासा संगमरवराचा डोंगर बघायचा आणि मग विमानतळ, असा बेत होता. सगळ्यांनी भराभर आटोपलं. मी शेवटी बसले, कारण सकाळी पोथीतला नेमाचा भाग राहिला होता आणि तो वाचल्याशिवाय मी पान वाढून घेत नाही. हे दहीभात खाऊन माझ्यासमोर बसले होते. बाकीचे जिना उतरून गेले.

मी पहिला घास घेतला. ह्यांनी समुद्राकडे बघितलं.

“दा नांग,” ते म्हणाले. “बाबा बातम्या ऐकून म्हणायचे, आज इतके गेले. आणि आई म्हणायची, दिवेलागणीला मेलेल्यांची मोजदाद नको, रेडिओ बंद करा. तुझ्यासारखीच होती.”

मी वरणात भात कालवला.

“शरयू.”

ह्यांनी मला नावाने हाक मारायची नाही, अशी आमच्याकडची रीत. लग्नात नाव घेतलं त्यानंतर क्वचितच. मी वर बघितलं.

“सोमवारचं मी रद्द केलंय. हनोईला पोचलो त्या सकाळीच डॉक्टरांना फोन केला. मुक्ताला अजून माहीत नाही.”

माझ्या तोंडात घास होता. तो तसाच राहिला. शब्द दातांपर्यंत आला. ह्यांनी टेबलावरून हात पुढे करून माझ्या ताटाच्या काठावर पालथा ठेवला, एखाद्या भांड्याचं झाकण उडू नये म्हणून धरावं तसा.

“बोलू नकोस. बोललीस तर पान सोडून उठशील. मला अजून सांगायचंय. माझ्याच्याने पुन्हा व्हायचं नाही.”

मी घास गिळला. त्यांनी हात मागे घेतला.

“अण्णा,” ते म्हणाले.

अण्णा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, माझे भावजी. त्यांचीही हीच झडप, हेच ऑपरेशन. त्यातून ते उठले नाहीत आणि गेलेही नाहीत. तीन वर्षं आमच्या माजघरात अंथरुणाला खिळून होते, नळ्या लावलेले, डोळे उघडे. त्यांचं सगळं मी आणि ह्यांनी केलं.

“अण्णा नको म्हणत होता,” हे म्हणाले. “शेवटपर्यंत नको म्हणत होता. मी मागे लागलो. काय होतंय, म्हणालो, आजकाल काही होत नाही. त्याला गाडीत मी बसवला. तुला वाटत असेल की त्याला मागाहून काही कळत नव्हतं. मी सगळ्यांना तेच सांगितलं. कळत होतं. तू आत असलीस की तो माझ्याकडे बघायचा. मी त्याचं अंग पुसत असायचो आणि तो बघायचा. ओळखायचा मला. मी मान फिरवायचो.”

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी हसत गेलं. मी ताटात बघत होते.

“तू म्हणशील, बहुतेकांचं नीट होतं. डॉक्टरही तेच म्हणाले. होतही असेल. मी मरायला घाबरत नाही गं. मध्ये लटकायला घाबरतो. आणि समज, तसंच झालं तर? मी आडवा, आणि तू माझ्याशेजारी बसलेली, मीच ह्यांना पाठवलं म्हणून. मी जसा बसलो तसं तुला बसायला लागू नये. एवढंच.”

ते थांबले. माझ्या ताटाकडे बघू लागले. ताटात दोन घासांपुरता भात उरला होता. आणि मला एकदम दिसलं. माझं पान संपलं की ह्यांचं बोलणं संपणार. ते परत मुखदुर्बळ होणार, मी परत शुभ बोला म्हणणार, आणि जे आत राहील ते कायमचं आत राहणार. मोटर, बॅटरी, गटाराची जाळी, कोट. हनोईपासून मी ज्याला बडबड समजत होते, ती निरवानिरव चालली होती.

मी हात वर केला. भांडी आवरणारी मुलगी लगबगीने आली. मी भाताकडे बोट दाखवलं. तिने डाव भरून भात वाढला. मी मध्येच थांबवलं नाही.

ह्यांनी भाताकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझी भूक त्यांना ठाऊक होती. मी कधीच दुसऱ्यांदा भात घेत नाही. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

आणि ते बोलायला लागले. वाडीच्या यात्रेत मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या केसात कसला गजरा होता ते सांगितलं. तो मलाही आठवत नव्हता. एका लाइनमनचा खांबावर जीव गेला, तेव्हा खाली हेच उभे होते, ते सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन हे काहीच न बोलता झोपले होते, मला वाटलं होतं ताप असेल. बोलताना मध्ये दम लागायचा, की ते पाण्याचा घोट घ्यायचे. मी एकेक शीत उचलल्यासारखी जेवत होते.

जिन्यावर पावलं वाजली. सामंत वर आले.

“काय वहिनी, बस सुटायची वेळ झाली आणि तुमचा आज हात थांबत नाही! दा नांगचा भात मानवलेला दिसतोय. पल्लवीबाई खाली...”

पुढचं त्यांनी गिळलं. माझा चेहरा कसा होता, मला माहीत नाही. ते एकदा ह्यांच्याकडे बघून घेऊन आवाज उतरवून म्हणाले, “हुपरीकर, चालू द्या तुमचं. मी त्यांना सांगतो, माझा चष्मा हरवलाय. शोधायला वेळ लागेल.”

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. ते तसेच खाली गेले.

मी पुन्हा हात वर केला. मुलीने पातेलं खरवडून उरलासुरला भात वाढला. माझं पोट कधीच भरलं होतं. घास घशाशी येत होता.

“मुक्ताच्या आधीचा तो,” हे अगदी हळू म्हणाले.

माझा हात थांबला.

मुक्ताच्या आधी आम्हाला मुलगा झाला होता. रडलाच नाही. मी बेशुद्ध होते. शुद्धीवर आले तेव्हा हे त्याला पोचवून आले होते. कुठे, ते मी विचारलं नाही. ह्यांनी सांगितलं नाही. तो विषय आमच्या घरात कधी निघाला नाही.

“तू प्रदक्षिणा घालतेस तो उंबर नव्हे,” हे म्हणाले. “घाटाच्या खालच्या अंगाला, नदीकडे एक धाकटा उंबर आहे. त्याच्या मुळाशी. मी एकटाच होतो. टोपडं घातलं होतं त्याला, तू विणलेलं, पिवळं. काढायचं असतं म्हणतात, पण मी काढलं नाही. पुराचं पाणी दर साली तिथवर येतं. मी जाऊन बघून येतो, झाड आहे का. आहे. आता मी नसलो की तू बघ.”

मी जेवत राहिले. ताटात काय पडत होतं आणि मी काय खात होते, मला कळत नव्हतं. भात खारट लागत होता.

ह्यांनी पाण्याचा पेला रिकामा केला. मग म्हणाले, “झालं माझं. आता सावकाश जेव. आणि मग काय बोलायचं ते बोल.”

पानात अन्न टाकायचं नाही. मी शेवटचं शीत उचललं आणि हात धुवायला गेले.

बेसिनशी उभं राहून मी सगळी जुळवाजुळव केली. महाराजांची शपथ घालायची. मुक्ताची घालायची. ती उठली ती माझ्या बोलण्याने, मग ह्यांना का नाही उठवणार महाराज? पाया पडायचं. नाही ऐकलं तर अन्नपाणी सोडायचं. मला तेवढं येत होतं. आजवर ह्यांनी माझा शब्द मोडला नव्हता, तेव्हा ते ऐकतील, हे मला ठाऊक होतं. ऐकतील, आणि मी त्यांना गाडीत बसवीन.

मी चूळ भरली. मौन सुटलं.

परत आले, तर हे उभे होते. माझी पर्स त्यांनी स्वतःच्या खांद्याला अडकवली होती. माझ्या ताटाभोवती सांडलेली शितं गोळा करून एका कागदी रुमालावर ठेवली होती, मी रोज पाखरांसाठी काढून ठेवते तशी. एका हाताने खुर्चीची पाठ धरली होती. श्वासाने शर्ट हलत होता. मास्तरांसमोर उभं राहावं तसे ते खाली मान घालून उभे होते.

“बोल,” ते म्हणाले.

मी पदराला हात पुसले.

“मोटरीचं ते हिरवं बटण,” मी म्हटलं. “आवाज बदलतो म्हणालात. कसा बदलतो?”

ह्यांनी मान वर केली.

“ते सांगून कळायचं नाही,” ते म्हणाले. “घरी गेल्यावर दाखवतो.”

मी रुमाल उचलून शितं बाहेर कट्ट्यावर ठेवली. आम्ही जिना उतरलो, एकेक पायरी, थांबत थांबत. खाली सामंत बसच्या दारात उभे राहून सगळ्यांना सांगत होते, “सापडला एकदाचा! डोक्यावरच होता. म्हातारपण, दुसरं काय.”

सायगाव झालं. लढाईतली भुयारं झाली. ह्यांनी माझा एक हसरा फोटो काढला. ज्या सोमवारी कोल्हापूरला जायचं होतं, त्या सोमवारी सकाळी ह्यांनी मला परसात नेलं, माझं बोट हिरव्या बटणावर ठेवलं आणि वरून आपलं बोट दाबून धरलं. आधी हुंकार आला. “अजून नाही,” ते म्हणाले. “अजून नाही.” आणि मग आवाज बदलला. ते खरंच होतं, सांगून कळलं नसतं.

मुक्ता दुपारी आली. वडिलांशी भांडली, रडली, डॉक्टरांना फोन केले. ह्यांनी ऐकलं नाही. मग ती स्वयंपाकघरात आली.

“आई, तुला कधी कळलं?”

“दा नांगला.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“मी जेवत होते,” मी म्हटलं.

ती तशीच बाहेर निघून गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

हे कार्तिकात गेले. दुपारी मोटर लावून बाजेवर टेकले होते. टाकी भरून वाहायला लागली, अंगणभर पाणी झालं. मी आतून म्हटलं, अहो, मोटर बंद करा. दोनदा म्हटलं. मग मीच जाऊन लाल बटण दाबलं. ते कधी दाखवावं लागलं नव्हतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. कोट जावयांना बरोबर बसला. पूर येऊन गेला की मी खालच्या उंबराकडे जाऊन येते. झाड आहे. नेम चालूच आहे. जेवण लवकर आटोपतं.

मुक्ता सुट्टीत येते. मी पान वाढून घेतलं की समोर येऊन बसते, तिच्या वडिलांच्या जागेवर. काही बोलत नाही. हाताने पापड मोडत राहते, बारीक तुकडे करते. कधी कधी तोंड उघडल्यासारखं करते आणि थांबते.

मी आणखी थोडा भात घेते.